टोमॅटोवर टांगलेलं गाणं

माझ्या सासऱ्यांचा आवाज दिवाळीपासून टोमॅटोच्या वाफ्यावर टांगलेला होता, आणि एक ते स्वतः सोडले तर घरात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. मला विचाराल तर दोष फोनचा. पण आमच्याकडे फोनला नावं ठेवली की नवऱ्याच्या पोटात दुखतं, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. तुम्हीच ठरवा.

मी वसुंधरा. माहेर भुईगावचं, सासर हे इथलं, सांडोरचं. घरामागे वाडी आहे. केळी, दुधी, वाल, टोमॅटो. वाडी सासरे बघतात. हरिश्चंद्र त्यांचं नाव, पण सगळी आळी त्यांना अप्पा म्हणते. माझा नवरा चंद्रहास वालीवला एका कारखान्यात खरेदीचं काम बघतो आणि घरी आला की फोन बघतो. या सगळ्यांकडे कोण बघतं ते सांगायला नको.

तर अप्पा. आमच्या आळीत अप्पा गायल्याशिवाय कुठल्या मुलीला हळद लागली नाही. ते काही गवई नव्हेत, वाडीवाले माणूस, पण आवाज असा की पाटाच्या पाण्यात उभे राहून गायले तर रस्त्यावरची सायकल थांबायची. त्यांच्या हळदीच्या गाण्यात एक बोटांचं कडवं आहे. केळीच्या पानावर हळद ठेवायची आणि अप्पांनी विचारायचं, पहिली बोटं कुणाची? मग त्या त्या घरात जे सगळ्यांत वडील असेल त्याचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की त्या माणसाने नवरीला हळद लावायची, मग बाकीच्यांनी. तोवर कुणी हात पुढे करायचा नाही. ही आमच्याकडची रीत, आणि ती अप्पांनी कडक पाळली. एका लग्नात नवरीच्या आत्याने घाई केली तर त्यांनी गाणं थांबवून तिला हात धुऊन यायला लावलं होतं.

फार पूर्वी मुंबईच्या एका कंपनीने त्यांच्या गाण्यांची कॅसेट काढली. वरती अप्पांचा फेटा बांधलेला फोटो. घरटी एक कॅसेट होती तेव्हा. पुढे त्यांच्या घशात गाठ झाली, ऑपरेशन झालं. देवाच्या कृपेने गाठ साधी निघाली, पण आवाज परत आला तो किसणीवर नारळ घासावा तसा. डॉक्टर म्हणाले, "गा खुशाल, त्रास काही होणार नाही." अप्पा म्हणाले, "असल्या आवाजात मी बैलाला हाक मारणार नाही." तेव्हापासून त्यांनी गायचं नाव काढलं नाही. हळदीला जायचे, कोपऱ्यात खुर्चीवर बसायचे, आणि लोक कॅसेट लावायचे. बोटांच्या कडव्यात कॅसेटवर अप्पांच्या आईचं नाव होतं, ते सगळे चालवून घ्यायचे.

आणि मग एक दिवस चंद्रहास ओरडतच घरात शिरला. "अप्पा, तुम्ही फोनवर आलात!"

त्या कंपनीने म्हणे आपला सगळा जुना माल गाण्यांच्या ॲपवर चढवला होता. चंद्रहास त्या ॲपचे महिन्याच्या महिन्याला पैसे भरतो, अख्ख्या जगाची गाणी खिशात म्हणून मिरवतो. अप्पांना काय आनंद! भाजीवालीला दाखवलं, पोस्टमनला दाखवलं, दात काढायला गेले तर तोंड बधिर झालेलं असताना डॉक्टरला दाखवलं. "हरिश्चंद्र लिहा, मीच येतो."

झालं. चंद्रहासने शोकेसमधला कॅसेटचा खण रिकामा केला. "आता हा कचरा कशाला?" मी म्हटलं, "राहू द्या ना, त्या काय खायला मागतात?" पण माझं ऐकतो कोण! तिथे त्याने प्लास्टिकची ऑर्किडं आणून ठेवली. ती धुवायची कुणी? मीच.

आता आमच्या वाड्यांमधली एक गोष्ट सांगते. टोमॅटो लाल व्हायला लागले की साळुंक्या, बुलबुल टपलेलेच असतात. त्यावर उपाय म्हणजे कॅसेटमधली फीत. वाफ्याच्या दोन्ही टोकांना काठ्या रोवायच्या आणि फीत ताणून बांधायची. उन्हात चमकते, वाऱ्यावर घूं घूं वाजते, पाखरं बिचकतात. अप्पांनी आळीभर सांगितलं, गाणी आता फोनवर आहेत, कॅसेटी वाफ्यावर घ्या. सगळ्यांनी घेतल्या. दर पावसाळ्यात जुन्या फिती गळून जायच्या, दर दिवाळीनंतर नव्या चढायच्या. आमच्या वाडीवर भजनं लागली, नाट्यगीतं लागली, माझ्या लग्नात आलेली सनईसुद्धा लागली.

यंदा मार्गशीर्षात अक्षयाचं, माझ्या मुलीचं लग्न ठरलं. एका सुट्टीच्या सकाळी ती ओट्याशी उभी राहून हळदीच्या गाण्यांची यादी करत होती, हातात फोन.

"आई, आजोबा दिसत नाहीयेत."

"वाडीत असतील."

"वाडीत नाही गं, ॲपवर!"

मी हात पुसून बघितलं. गाण्याचं नाव होतं, पण करडं पडलेलं. दाबलं की खाली ओळ यायची, हे गाणं सध्या उपलब्ध नाही. अक्षयाने ते डाउनलोड करून ठेवलं होतं, तेही गेलं. मला कळेना. "अगं, डाउनलोड केलंस म्हणजे आपलं झालं ना?"

"नाही गं आई. त्यांचा करार संपला असेल. मग आपल्याकडचंही जातं."

माझं डोकं असं फिरलं! म्हणजे मी बरणीत लोणचं भरून ठेवायचं, आणि आंबेवाल्याने करार संपला म्हणून घरात शिरून माझी बरणी उचलून न्यायची? आणि इतकी वर्षं पैसे भरले ते काय बरणीचा वास घ्यायचे? चंद्रहास बाजारातून आल्या आल्या मी त्याला हेच विचारलं. त्याने बिचाऱ्याने ॲपवाल्यांना लिहिलं. उत्तर लगेच आलं. तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे म्हणे, आणि खाली तुम्हाला हेही आवडेल म्हणून कुठल्या तरी पंजाबी लग्नाची गाणी.

अप्पा आधी म्हणाले, "गेलं तर गेलं." पण दुपारी जेवले नाहीत. ओटीवर आमच्याकडे पाठ करून वालाच्या शेंगा सोलत बसले. अक्षया जवळ जाऊन बसली. ही पोर लहानपणी रडायला लागली की अप्पा तिच्या गालाला बोट लावून तेच कडवं म्हणायचे. तुझ्या हळदीला मी असा गाईन की समुद्राला ऐकू जाईल, असं म्हणायचे. गळा गेल्यावर म्हणाले, मी नाही तर कॅसेट गाईल.

"आजोबा, तुमच्या गाण्याशिवाय मी पाटावर बसणार नाही."

"मग मी मांडवात येत नाही," अप्पा म्हणाले. "उगाच सगळे माझ्या तोंडाकडे बघणार. माझा फोटो लावा कोपऱ्यात."

"फोटो काय लावा! अप्पा, जिवंत माणसाचा फोटो लावतात का?" मी ओरडले. नातीच्या हळदीला आजा नाही म्हणजे काय हळद ती! आणि हे अप्पा, एकदा नाही म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी नाही.

मी उठले आणि कॅसेट शोधायला लागले. शेजारच्या शत्रुघ्नभावजींकडे गेले. ते म्हणाले, "वहिनी, अप्पांनीच सांगितलं ना, वाफ्यावर लावा म्हणून? माझी दोन वर्षांमागेच गळून गेली." पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तर कॅसेटच्या डबीत सुया ठेवल्या होत्या, डबीवर अप्पांचा फेट्यातला फोटो हसतोय. दोन्ही आळ्या फिरले. एवढ्या घरांत एवढ्या कॅसेटी होत्या, आणि आज एक शिल्लक नाही.

परत आले आणि विचारलं, "अप्पा, आपली स्वतःची कुठाय? चंद्रहासने खण रिकामा केला तेव्हा तुम्ही ती उशाशी घेऊन गेला होतात."

अप्पांनी आढ्याकडे बघितलं. साखर वाढलेली असताना गूळ खाल्ला की ते असेच आढ्याकडे बघतात.

"अप्पा."

"अगं, यंदा टोमॅटो चांगला धरला होता. आणि बाकीच्या फिती संपल्या होत्या."

"अप्पा! स्वतःचा आवाज टोमॅटोवर?"

"फोनवर होता की!" ते किसणीच्या आवाजात ओरडले. मला आधी राग आला आणि मग असं हसू फुटलं की ओटीवर बसकणच मारली. अक्षया हसली, चंद्रहास हसला, शेवटी अप्पाही हसले. पण हसता हसता त्यांनी डोळे पुसले ते मी बघितलं.

तसेच आम्ही वाडीत गेलो. उन्हात फीत चमकत होती, घूं घूं वाजत होती. "हळू सोडा," मी म्हटलं, "अप्पांचा गळा आहे तो." चंद्रहासने माळ्यावरून पतंगाची जुनी फिरकी काढली आणि मांजा गुंडाळावा तशी फीत गुंडाळायला लागला. मी काठीवरून सोडायची, अक्षया धरायची, तो गुंडाळायचा. मधेच फीत संपली. म्हणजे तुटलेली. पुढचं टोक होतं, पण मधला तुकडा कुठेच नाही. वाफ्यात शोधलं, पाटात शोधलं. शेवटी अक्षयाने वर बोट दाखवलं.

चिकूच्या फांदीत खारीचं घरटं होतं. काथ्या, कापूस, आणि त्यातून लोंबणारी तपकिरी चमकती फीत. जिला घाबरून पाखरांनी पळायचं, ती घेऊन खारीने बिछाना केला होता.

चंद्रहास शर्टाच्या बाह्या सारून झाडाकडे निघाला, तर मागून अप्पा. "खबरदार हात लावलास तर! आत पिल्लं आहेत. सकाळी चिवचिवत होती."

"अप्पा, तुमचं गाणं आहे ते!"

"असू दे. त्यांचं घर आहे ते."

तेवढं गाणं खारीच्या मालकीचं झालं. फिरकी घेऊन आम्ही दोघं स्कूटरवर सातिवलीला गेलो. मागच्या आळीतल्या फेबियनचा तिथे गाळा आहे, लग्नाच्या बँडवाल्यांचे स्पीकर, माइक दुरुस्त करतो. त्याच्या बहिणीच्या लग्नातही बँड सुरू व्हायच्या आधी अप्पा गायले होते. फिरकी बघून तो म्हणाला, "वैनी, पतंग कुठाय?"

पण पोरगा गुणाचा. हातातलं काम बाजूला ठेवलं. फडक्याने फितीवरची माती पुसली, तुटलेलं जोडलं, एका रिकाम्या कॅसेटमध्ये भरली आणि लावली. आतून असं काही बाहेर आलं की मी दचकलेच. चंद्रहास म्हणाला, "हे अप्पा?"

"तू उलटी गुंडाळलीस रे," फेबियन म्हणाला. "अप्पा शेवटाकडून गातायत." पुन्हा सगळी सोडली, पुन्हा भरली. आणि मग त्या गाळ्यात, स्पीकरच्या खोक्यांच्या लाकडी भुशात आणि तारांच्या भेंडोळ्यांत, अप्पांचा तो आवाज आला. थोडा डुलणारा, उन्हाने कुठे कुठे जाड झालेला, पण तोच. मला रडू आवरेना. माझ्या लग्नात हाच आवाज ऐकत मी या घरात आले होते, आणि आम्ही तो टोमॅटोवर वाळत घातला.

मग मधेच आवाज गेला. फेबियनने खारीच्या तुकड्याच्या जागी कोरी फीत जोडली होती. थोडा वेळ नुसती खरखर, आणि पुढे गाणं पुन्हा सुरू. गेलं होतं ते नेमकं बोटांच्या कडव्यातलं उत्तर, नावाची ओळ. "आता याला मी काय करू, वैनी?" फेबियन म्हणाला. चंद्रहासने कपाळाला हात लावला. मी मात्र गप्प बसले. एरवी मला ते जमत नाही. पण पंचवीस-तीस वर्षं या सासऱ्यांबरोबर काढलीत. हा माणूस तहान सोसेल, भूक सोसेल, पण गाण्यातली चूक सोसणार नाही. "कुणाला सांगू नका," मी दोघांना बजावलं. "आणि फेबियन, हळदीच्या दिवशी तुझा रेकॉर्डिंगचा माइक मांडवात लाव. अप्पांच्या खुर्चीजवळ."

घरी येऊन अप्पांना सांगितलं, कॅसेट वाजते. "सगळी?" त्यांनी विचारलं. "वाजते म्हटलं ना," मी म्हटलं. ते उठले आणि फेटा शोधायला गेले.

हळद उतरत्या उन्हात होती. अक्षया पाटावर बसली, पिवळ्या साडीत अशी दिसत होती की मी तिच्याकडे बघायचंच टाळलं. सगळी आळी जमलेली. अप्पा खुर्चीवर, फेटा बांधून, ताठ. फेबियनने कॅसेट लावली. आवाज सुरू झाला आणि बायकांचं बोलणं आपोआप थांबलं. सगळ्याजणींनी हळदीत बोटं बुडवली आणि हात वर धरून उभ्या राहिल्या, कडव्याची वाट बघत. कॅसेटमधल्या अप्पांनी विचारलं,

केळीच्या पानी हळद गं ओली,
पहिली बोटं कुणाची झाली?

आणि खरखर.

पिवळे हात सगळे अधांतरी. कुणी पुढे होईना, कुणी मागे होईना. अप्पांचा चेहरा उतरला, ते खुर्चीचा दांडा धरून उठायला लागले. निघालेच होते. मी पदर खोचला, घसा खाकरला, आणि देवाने मला दिलेल्या त्या भसाड्या आवाजात सुरू केलं,

पहिली बोटं मामाची बाई,
भुईगावचा मामा, त्याला घाई!

माझा भाऊ बिचारा खरंच हात पुढे करून निघाला.

"थांब!" अप्पा कडाडले. "वसू! डोकं फिरलं का तुझं? मामाची बोटं पहिली? या घरात? आणि हा ताल कुठला? टोमॅटो विकतेस का गाणं म्हणतेस?"

"मग तुम्ही सांगा ना कुणाची!" मी कमरेवर हात ठेवले. "मला काय माहीत! घरात सगळ्यांत वडील कोण आहे, ते मला कसं कळणार?"

अप्पांनी खुर्चीचा दांडा सोडला. त्यांच्या लक्षात आलं. कॅसेटवर त्यांच्या आईचं नाव होतं. आज ते नाव चाललंच नसतं. आज या घरात त्यांच्याहून वडील कुणी नव्हतं. ते हळूहळू पाटापाशी आले, हळदीत बोटं बुडवली, आणि त्या किसणीच्या आवाजात, पण बरोबर सुरात, बरोबर तालात म्हटलं,

पहिली बोटं आज्याची गं,
थरथरली तर हसू नको गं.

दुसरी ओळ कुणी कधी ऐकली नव्हती. ती तिथेच झाली. त्यांची बोटं खरंच थरथरत होती. अक्षया हसली नाही, रडली. मग आम्ही सगळ्याच रडलो आणि मग सगळ्याच हसलो, आणि माझ्या भावाने संधी साधून माझ्याच तोंडाला हळद फासली. पाठीमागे खरखर संपली आणि कॅसेटमधले तरणे अप्पा पुढचं कडवं गायला लागले, जणू मधे काही झालंच नव्हतं.

फेबियनने ते सगळं माइकवर धरलं होतं. माझी दोन ओळींची कला कापून टाक म्हटलं, तर म्हणे, "ती स्वतंत्र ठेवतो, वैनी, पाखरं हाकलायला." गाणं त्याने जोडलं. आधी तरणे अप्पा, मधे म्हातारे अप्पा, मग पुन्हा तरणे. लग्नात पाहुण्यांना नारळाबरोबर एकेक पेनड्राइव्ह दिला. चंद्रहास म्हणाला, "आपणच चढवूया का ॲपवर?" आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तिथल्या तिथे ॲपच काढून टाकलं. आता ऑर्किडांच्या जागी कॅसेट आहे. धुवायला लागत नाही.

पाठवणीच्या वेळी अप्पांनी अक्षयाच्या मुठीत पेनड्राइव्ह ठेवला. "हा तुझा. कुणी परत न्यायला येणार नाही."

जावयाने गाडीत लगेच लावला. गाडी हलली तसं उघड्या काचेतून गाणं ऐकू यायला लागलं. मग आळीच्या वळणाशी गाडी दिसेनाशी झाली आणि गाणंही. सगळे आत गेले. अप्पा फाटकाशीच उभे राहिले. ओठ हलत होते त्यांचे, मांडीवर ताल धरला होता. मी जवळ गेले तर ते गाडीबरोबर गात होते, गाडी केव्हाच पुढे गेली होती तरी. बरोबर त्या जागी आले आणि त्यांनी आवाज सोडून म्हटलं, पहिली बोटं आज्याची गं.

"आता तिथे हेच चाललं असेल," ते म्हणाले. "वसू, हसली नसेल ना गं ती?"

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "चला आत, अप्पा. टोमॅटोवर साळुंक्या बसल्यात."